अंतिम प्रभाग रचनेत आमची गल्ली हातपंपापाशी चिरली, आता कोर्टात जावं का?

गोदाकाठ | ३ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. दसरा काल झाला, पण गावात सोनं वाटायला कुणाचे हात उचलत नव्हते. सोयाबीन पाण्यात गेलंय. तरी आज दुसऱ्याच विषयावर लिहायलोय, कारण हा विषयही पाच वर्षांचा आहे.

आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. आमची गल्ली वेशीपासून बारवेपर्यंत सरळ जाते, मधोमध हातपंप. २०१६ च्या निवडणुकीला अख्खी गल्ली एका प्रभागात होती. परवा अंतिम प्रभाग रचना लागली. हातपंपाच्या अलीकडची घरं एका प्रभागात आणि पलीकडची दुसऱ्या. माझं घर अलीकडं, चुलत्याचं पलीकडं, मधली भिंत एकच. पलीकडच्या घरांना ओढ्यापल्याडच्या नव्या प्लॉटिंगला जोडलंय. ओढ्यावर पूल नाही. पाणी आलं की बाजारातून वळसा घालून जावं लागतं, आणि यंदा तर ओढा महिनाभर उतरलाच नाही.

बारवेजवळ बौद्धवाडा आहे. त्यातली बावीस घरं आमच्याकडं राहिली, बाकीची तिकडं गेली. जिथं ती सगळी मिळून एक नगरसेवक निवडून आणू शकत होती, तिथं आता दोन्हीकडं ती पासंगाला आहेत. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होतोय.

लोकांनी वर्गणी काढून खंडपीठात जायचं ठरवलंय, पंचवीस हजार जमलेही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. जावं का? गेलं तर काही निघेल का?

माजलगावकर | रात्री ९.४१

भाऊ, पहिला प्रश्न. प्रारूप रचना लागली तेव्हा हरकत दिली होती का?

गोदाकाठ | रात्री ९.५०

नाही. ऑगस्टअखेरपर्यंत मुदत होती. पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळं एकामागं एक, वरून पाऊस. नकाशा फलकावर होता असं आता कळतंय. चूक आमची आहे, मान्य.

खंडपीठाचा_कट्टा | रात्री ११.०५

मी वकिली करतो, पण हा सल्ला समजू नका. तुमच्या वकिलांना कागद दाखवाच. कायदा काय आहे तेवढं सांगतो.

राज्यघटनेचं कलम ३२९ लोकसभा-विधानसभेसाठी आहे. मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही, असं ते म्हणतं. ७३ आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं तेच कुंपण पंचायतींना कलम २४३-ओ आणि नगरपालिकांना २४३-झेडजी म्हणून घातलं. सीमांवर एक बंदी आणि निवडणुकीवर दुसरी. निकालाला आव्हान द्यायचं तर फक्त निवडणूक याचिका, तीही निवडणूक झाल्यावर.

हे कुंपण का घातलं, ते मेघराज कोठारी खटल्यात दिसतं. उज्जैनची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, कोठारी त्याविरुद्ध गेले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की परिसीमन आयोगाचा, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाचा, आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ येतं. प्रत्येक सीमेवर असे दावे चालू राहिले तर निवडणूक कधी होणारच नाही. त्याआधी १९५२ चा पोन्नुस्वामी निकाल. नामनिर्देशन फेटाळलं म्हणून मध्येच कोर्टात येता येणार नाही, निवडणूक पुढं जाऊ द्या, असं त्यात सांगितलं.

पण दार पूर्ण बंद नाही. जुलै २०२४ मध्ये किशोरचंद्र राठोड प्रकरणात (गुजरातच्या बारडोलीचं) सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की परिसीमनाचा आदेश उघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांना धरून नसेल, तर कोर्ट तपासू शकतं. म्हणजे खिडकी आहे, पण अरुंद. त्यातून जायचं तर हातात कागद पाहिजे. "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्यानं भागत नाही. कोणता नियम मोडला, तेव्हा आम्ही काय सांगितलं आणि त्यावर काय उत्तर मिळालं, हे दाखवावं लागतं. हरकतच दिली नसेल तर न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न माजलगावकरांनी विचारला तोच असतो.

माजलगावकर | रात्री ११.११

बघा, आमच्यात न्यायमूर्ती व्हायचे गुण आहेत म्हणायचे. आई ऐकली असती तर खूश झाली असती.

सज्जा_क्रमांक_सात | ४ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. ग्रामपंचायतीच्या प्रभाग रचना चार वेळा हातानं केल्या आहेत, म्हणून नकाशा कसा निघतो ते सांगतो. लोकांना वाटतं कुणीतरी नेता पेन्सिल घेऊन बसतो. बसतही असेल, पण बोट ठेवायचं तर नियमावरच ठेवावं लागतं.

आधी आकडा. २०११ ची जनगणना धरायची, दुसरी नाही. समजा गावची लोकसंख्या ५,२००. ४,५०१ ते ६,००० ला १३ सदस्य. ५,२०० भागिले १३, एका सदस्यामागं ४०० माणसं. तीन सदस्यांचा प्रभाग असेल तर १,२००. त्यात दहा टक्के इकडं-तिकडं चालतं, म्हणजे १,०८० पासून १,३२० पर्यंत. सगळे प्रभाग या चौकटीत बसले पाहिजेत. नगरपरिषदेलाही हिशेब असाच.

मग दिशा. सुरुवात उत्तरेकडून. उत्तरेकडून ईशान्य, मग पूर्वेला, पूर्वेकडून पश्चिमेकडं सरकत सरकत शेवट दक्षिणेला. क्रमांकही त्याच ओळीनं. कुणाच्या मनाला येईल तिथून सुरू करता येत नाही.

मग सीमा. मोठा रस्ता, नदी, नाला, डोंगर, रेल्वे रूळ या ओलांडायच्या नाहीत, शक्य तोवर. प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला दिलेला घरांचा पट्टा, शक्य तोवर फोडायचा नाही. आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती शक्य तोवर तोडायची नाही.

गोदाकाठ, तुमच्या गोष्टीत तीन ठिकाणी दगड लागतोय. ओढा ओलांडलाय, वस्ती तोडलीय, आणि हातपंपाशी रेघ आलीय म्हणजे बहुधा प्रगणक गटही फोडलाय. "शक्यतो" या शब्दाच्या आड पुष्कळ काही लपतं, पण तीन-तीन वेळा शक्य झालं नाही, तर का झालं नाही हे विचारता येतं. त्या गटाचा २०११ चा नकाशा आणि लोकसंख्या मागवा. मी अशा कामात एक गोष्ट नेहमी करायचो, गटाच्या कडेनं प्रत्यक्ष चालायचो. कागदावर जी रेघ सरळ दिसते ती जमिनीवर कुणाच्या गोठ्यातून जाते हे चालल्याशिवाय कळत नाही.

लातूरची_सून | सकाळी १०.१५

सज्जा काकांना नमस्कार. तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली.

आमच्याकडचा अनुभव सांगते. गावाचं नाव देत नाही. यंदाच प्रारूप लागलं, तेव्हा आमच्या आळीचे तीन प्रगणक गट शेजारच्या प्रभागात गेले होते. मी अंगणवाडीताईला सोबत घेतलं. तिला प्रत्येक घर माहीत, कुणाच्या घरी किती लेकरं तेही. दोन दिवस आम्ही वही घेऊन फिरलो. वहीत चार रकाने केले: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, २०११ ला घर होतं का, आता कोणत्या प्रभागात. माझ्या सासूबाई ओट्यावर बसून सांगायच्या, "हे घर तवा नव्हतं, हितं कडब्याची गंजी असायची." त्या एका वाक्यानं सतरा घरांची गडबड सापडली. नवी घरं जुन्या गटाच्या लोकसंख्येत मोजली गेली होती.

हरकत दोन पानांची दिली. एका पानावर मजकूर, दुसऱ्यावर हातानं काढलेला नकाशा. सुनावणीला मी, अंगणवाडीताई आणि दोन आज्या. साहेबांनी नकाशा हातात धरला आणि आमच्यादेखत संगणकावरचा नकाशा उघडून दोन्ही ताडून बघितले. अंतिम रचनेत तीनातले दोन गट परत आले. तिसरा नाही आला, दहा टक्क्यांच्या बाहेर जात होता म्हणाले. हिशेब केला तर खरंच जात होता.

वकिलाला एक रुपया लागला नाही. म्हणून म्हणते, कोर्टाचे पंचवीस हजार राहू द्या, पुढच्या वेळी वही घ्या.

मराठवाडी_माणूस | दुपारी १२.०२

ताई, तुम्हाला सलाम. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि जरा रागानं मांडतो.

या कोर्टबाजीची किंमत कुणी मोजली? छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली. आधी कोरोना, मग प्रभाग रचनेवरून खंडपीठात आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात याचिका, मग ओबीसी आरक्षण. साडेपाच वर्षं झाली, ११५ नगरसेवकांच्या शहरात एकही नगरसेवक नाही. लातूर आणि परभणी २०२२ च्या मे महिन्यापासून प्रशासकाकडं, नांदेड त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून. जिल्हा परिषदा मार्च २०२२ पासून. जालन्याची महापालिका २०२३ ला झाली, पण तिथल्या लोकांनी अजून एकही महापौर बघितला नाही.

मी कुठं राहतो ते सांगत नाही. आमच्या कॉलनीत चेंबर तुंबलं की पूर्वी नगरसेवकाच्या दारात जायचो. तो टाळाटाळ करायचा, पण दोन वर्षांनी मत मागायला येणार हे त्याला माहीत होतं. आता तक्रारीचा नंबर मिळतो, आणि तो नंबर घेऊन मी पाच महिने फिरलोय. माझी मुलगी २०२० ला अठराची झाली. आज तेवीसची आहे, लग्न ठरलंय. स्वतःच्या गावात तिनं एकदाही नगरसेवकासाठी मत दिलेलं नाही. सीमा वाकडी असली तरी मत तरी देता येतं ना!

घटनेनं कलम २४३-यू मध्ये लिहिलंय, मुदत संपायच्या आत निवडणूक. २००६ ला किशनसिंग तोमर खटल्यात पाच जणांच्या घटनापीठानं सांगितलं की निवडणूक आयोगानं ही मुदत पाळलीच पाहिजे. तरी हे झालं.

खंडपीठाचा_कट्टा | दुपारी १.४०

तुमचा राग समजतो आणि बराच पटतो. एक दुरुस्ती मात्र करू द्या. सगळा उशीर सीमांच्या याचिकांमुळं नाही.

४ मार्च २०२१ ला विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लागेल: समर्पित आयोग, स्थानिक संस्थेनिहाय माहिती, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. राज्याकडं ती माहिती तयार नव्हती. मग मार्च २०२२ ला विधिमंडळानं कायदा करून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडं घेतला. सदस्यसंख्या वाढवली, सरकार बदललं, ऑगस्टमध्ये अध्यादेशानं पुन्हा कमी केली. २२ ऑगस्ट २०२२ ला "जैसे थे" आदेश आला आणि सगळं थिजलं. प्रभाग तीन सदस्यांचा की चारचा यावर तीन वर्षं गेली.

शेवटी यंदा ६ मे ला राहुल वाघ प्रकरणात न्यायालयानं सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या, ओबीसी आरक्षण बांठिया आयोगाच्या (तिहेरी कसोटीतला समर्पित आयोग तो हाच) जुलै २०२२ च्या अहवालाआधी होतं तसं ठेवून. ते जमलं नाही म्हणून १६ सप्टेंबरला शेवटची मुदत दिली, ३१ जानेवारी २०२६.

गोदाकाठ, हे लिहायचं कारण तुमच्या प्रश्नाशी आहे. निवडणूक घ्याच, असं सर्वोच्च न्यायालय म्हणत असताना एका गल्लीसाठी ती थांबवायला कोणतंही खंडपीठ सहज तयार होणार नाही.

किनवटची_वाट | संध्याकाळी ५.१५

विषय जरा बाजूला नेतो, माफ करा. तुमची गल्ली चिरली, आमचा तालुका उचलून नेलाय.

किनवट नांदेड जिल्ह्यात. शाळेचा दाखला नांदेडचा, कोर्टाचं काम नांदेडचं. पण खासदार हिंगोलीचा. त्याच हिंगोली मतदारसंघात विदर्भातलं उमरखेडही आहे. २००८ च्या परिसीमनानंतर एका खासदाराला तीन जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी गाठावे लागतात. आमचे वडील म्हणायचे, "खासदाराला भेटायचं असलं तर आधी नकाशा बघावा लागतो."

औसेकर | संध्याकाळी ५.३२

दादा, आमचं औसा लातूर जिल्ह्यात आणि खासदार धाराशिवचा. शिवाय सोलापूरची बार्शीही आमच्यातच.

पैठणचा_पितांबर | संध्याकाळी ५.४०

पैठण जालन्यात! नाथांच्या गावचे आम्ही, जिल्हा संभाजीनगर आणि मत जालन्याला.

लोहाकंधार | संध्याकाळी ५.४६

आणि आम्ही नांदेडचे, खासदार लातूरचा. चला, एक बस करून सगळे आपापल्या खासदाराकडं जाऊ. वाटेत एकमेकांची गावं लागतीलच.

सज्जा_क्रमांक_सात | संध्याकाळी ७.२०

बस करा, पण मधल्या मुक्कामाला पुरणपोळी आमच्याकडं.

यातली खरी गोष्ट सांगतो. धाराशिव आधी अनुसूचित जातींसाठी राखीव होता. २००९ पासून तो खुला आणि लातूर राखीव. त्या वेळी लातूरमध्ये पुष्कळ कुजबुज झाली. पण ही जागा चिठ्ठी काढून ठरत नाही. परिसीमन कायद्यात लिहिलंय की राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत असाव्यात, आणि जिथं त्या समाजाचं प्रमाण तुलनेनं जास्त तिथं. नगरपालिकेतली सोडत आणि लोकसभेची राखीव जागा यांत लोक नेहमी गल्लत करतात.

वसमतचा_नाना | रात्री ८.०५

पुढचं परिसीमन याहून मोठं येतंय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा गोठवल्या, २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवल्या. आता जनगणना २०२७ ला आहे. २००८ ला विदर्भाच्या विधानसभा जागा ६६ वरून ६२ झाल्या आणि ठाणे जिल्ह्याच्या २४ झाल्या. माणसं जिकडं गेली तिकडं जागा गेल्या. मराठवाड्याच्या ४६ आहेत. आमच्या गावातली निम्मी पोरं पुण्यात चाकण-वाघोलीला आहेत, तिथंच मोजली जाणार. दुष्काळानं माणसं गेली, आता माणसांमागं आमदारही जाणार का, ही काळजी मला गल्लीपेक्षा जास्त वाटते.

कोयत्याची_लेक | रात्री ९.३०

नाना, तुम्ही माणसं गेल्याचं बोललात म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील तीस वर्षं ऊसतोडीला गेले. आता मी शिक्षिका आहे.

इथं सगळे सीमेवर बोलायलेत. आमची सीमा तारखेत असते. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. परत यायला मार्च-एप्रिल. आणि आता वरचे दादा म्हणतात तसं ३१ जानेवारीच्या आत निवडणुका. म्हणजे ऐन फडात.

मला आठवतंय, २०१७ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेचं मतदान होतं. आईचं नाव यादीत, तिच्याकडं ओळखपत्र, प्रभागही बरोबर. कुठंच काही चुकलेलं नव्हतं. आणि ती साडेतीनशे किलोमीटरवर पाचटाच्या खोपीत पहाटे चारला कोयता घासत होती. उमेदवारांनी काही टोळ्यांसाठी गाड्या पाठवल्या. ज्यानं गाडी पाठवली त्यालाच मत द्यायचं हे न सांगता ठरलेलं. आईच्या टोळीला गाडी आली नाही, कारण तिच्या वस्तीची मतं कुणाला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

पोस्टानं मतदान सैनिकाला मिळतं, निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकाला मिळतं. मी स्वतः निवडणुकीच्या कामावर असते तेव्हा मला मिळालंय. आईला का नाही? जिच्या हातानं साखर होते तिच्या बोटाला शाई लागत नाही.

कुणी वकील असतील तर सांगा, यावर याचिका होऊ शकते का?

खंडपीठाचा_कट्टा | रात्री १०.१०

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. निवडणूक जाहीर झाल्यावर तारीख बदलायला कोर्ट हात लावणार नाही. पण जाहीर व्हायच्या आत आयोगाकडं रीतसर निवेदन देता येतं. टोळ्या कधी निघतात, किती मतदार जातात, गाव आणि यादीभाग क्रमांकासह. त्यावर निर्णय द्यावा एवढीच मागणी घेऊन कोर्टात जाता येतं. त्याला सीमेचं कुंपण आडवं येत नाही. माझ्या ओळखीत दोघेजण विनामोबदला करतील. निरोप पाठवा.

डलासवरून_परळीकर | ५ ऑक्टोबर, पहाटे ४.५०

अठरा वर्षं अमेरिकेत आहे, पण वैद्यनाथाची घंटा अजून कानात आहे. इकडचं थोडं सांगतो, कारण इकडं हाच वाद उलट दिशेनं चालतो.

इथं बहुतेक राज्यांत मतदारसंघ राज्याचे आमदारच आखतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या आखणीतला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा दिसतो असं वर्तमानपत्रानं चितारलं, त्यावरून अशा आखणीला जेरीमँडर नाव पडलं. करायचं दोन प्रकारे. एका समाजाची मतं अनेक मतदारसंघांत फोडायची, नाहीतर सगळी एकातच कोंबायची. गोदाकाठ, तुमच्या बौद्धवाड्याचं झालं ते पहिलं.

१९६२ च्या बेकर खटल्यापर्यंत इथली कोर्टंही हात झटकत होती. मग त्यांनी दार उघडलं आणि १९६४ मध्ये रेनॉल्ड्स खटल्यात समान लोकसंख्येचा नियम आला. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखाली वंशाच्या आधारे मतं फोडली तर आव्हान देता येतं. २०२३ मध्ये अलाबामाचा नकाशा असाच सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ नं पडला. सात मतदारसंघ, चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय, आणि त्यांचं बहुमत असलेला मतदारसंघ एकच. पण पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या नकाशात आम्ही पडणार नाही, असं त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं.

इथं राहून एक कळलं. आपल्याकडं लोकसभा-विधानसभेची आखणी निवृत्त किंवा विद्यमान न्यायमूर्तींच्या आयोगाकडं आहे, २००८ ची न्या. कुलदीप सिंग यांच्याकडं होती. ते फार मोलाचं आहे. गावपातळीवर ते मोल हातातून सुटतंय. २०२२ ला रचनेचा अधिकार सरकारकडं घेतला तेव्हा किती लोक बोलले?

मराठवाडी_माणूस | सकाळी ८.३०

परळीकर, हे पटलं. माझा राग याचिकाकर्त्यांवर नव्हता. घरदार सोडून कोर्टात जाणाऱ्याला दोष देणं सोपं असतं. ज्यांच्याकडं पेन्सिल होती त्यांनी तीन वर्षांत चार वेळा खोडरबर चालवला.

शेणगावचा_बंड्या | सकाळी ९.१०

गोदाकाठ भाऊ कुठं गेले? त्यांचे पंचवीस हजार लांबलेत.

गोदाकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री १०.००

इथंच आहे. दोन दिवस पावलं मोजत होतो.

सज्जा काकांचं ऐकून काल सकाळी चुलत्याला आणि बौद्धवाड्यातल्या दोन पोरांना घेऊन गटाच्या कडेनं चाललो. प्रगणक गट खरंच फोडलाय. रेघ हातपंपापासून निघते, एका घराच्या न्हाणीघरामागून जाते आणि ओढ्यात उतरते. २०११ च्या गटाची लोकसंख्या आणि नकाशा मिळावा म्हणून रीतसर अर्ज टाकला, पोच घेतली.

गल्लीत बैठक झाली, मारुतीच्या पारावर. याचिका आत्ता करायची नाही असं ठरलं. हरकत नव्हती, वेळ नाही, आणि निवडणूक आणखी पुढं गेलेली आम्हालाही नकोय. एका आजीनं विचारलं, "मग पुढच्या येळी तरी बगाल का फलक?" कुणी मान वर केली नाही. पैसे परत करायला निघालो तर लोकांनी घेतले नाहीत. म्हणाले, कागद गोळा करायला ठेवा, पुढच्या रचनेला हरकत पहिल्या दिवशी पडली पाहिजे. बौद्धवाड्याची तक्रार वेगळी, त्यांच्याच सह्यांनी गेली आहे, एकशे चाळीस सह्या.

आता एक तातडीचं विचारतो. परवा ८ तारखेला प्रभागनिहाय मतदार यादीचं प्रारूप लागणार. त्यात काय बघायचं?

सज्जा_क्रमांक_सात | रात्री १०.२५

शाब्बास. यादी विधानसभेचीच असते, यंदा १ जुलै २०२५ ची. ती फक्त प्रभागांत फोडतात, आणि फोडतानाच घोळ होतो. रेघ तुमच्या गल्लीतून गेलीय म्हणजे निम्मी घरं उलट्या बाजूला पडलेली सापडतील. नवीन नाव आता घालता येणार नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव बदलून मिळतं. मुदत फार थोडी असते. घर क्रमांकाच्या ओळीनं बघा, आडनावाच्या नाही.

लातूरची_सून | रात्री १०.४०

आणि वहीत चार रकाने करा. अंगणवाडीताई आणि एक तरी आजी सोबत घ्या.

कोयत्याची_लेक | रात्री ११.१५

कट्टा दादा, निरोप पाठवलाय. आमच्या तीन गावांतल्या टोळ्यांची नावं शाळेतल्या मुलांच्या मदतीनं लिहायला घेतली. आज एका गावाची झाली, दोनशे अकरा मतदार. आईचं नाव पहिलं लिहिलं.

गोदाकाठ | ८ ऑक्टोबर, दुपारी १.३०

यादी लागली. सकाळी दहाला पोचलो तेव्हा फलकासमोर आमच्या गल्लीतली नऊ माणसं आधीच उभी होती, त्यात ती आजीपण. चुलत्याचं नाव माझ्या प्रभागात आलंय आणि माझं त्याच्या. आतापर्यंत अशी एकतीस नावं सापडलीत, बारवेकडची बाजू तपासायची राहिलीय. अर्जांचे नमुने घेतलेत. संध्याकाळी पारावर बसून भरतो.